सव्वा लाख किलोमीटर धावलेली हायब्रिड की तितकीच धावलेली डिझेल?

भाचा आठवडाभर याच पेचात आहे. २०२२ची टोयोटा हायरायडर हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर, दोन्हीवर चालणारी) घ्यावी की त्याच वयाची डिझेल ह्युंदाई क्रेटा? जाहिरातीतलं मायलेज त्याला आधी विसरायला सांगितलं.

इंधन: सोलापुरातल्या नवी पेठ, सात रस्ता अशा थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यांवर हायब्रिड जिंकते, कारण ब्रेक दाबताना बॅटरी भरते. पुणे हायवेवर एका वेगाने जाताना हा फायदा बराच कमी होतो. तिथे डिझेल बरी.

टिकाऊपणा: खरी मेख इथे आहे. हायब्रिडला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेकपॅडही जास्त टिकतात. भीती फक्त मोठ्या बॅटरीची. तिची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे सव्वा लाखावर जेमतेम ३५,००० उरले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४०च्या वर असतो, धूळही भरपूर. बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी तुंबलेली नाही ना, हे आधी बघ. सर्व्हिसच्या नोंदी आणि बॅटरीची तपासणी अधिकृत वर्कशॉपमधून हवीच. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सरळ उठून ये.

डिझेलमध्ये भीती डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. गाडी रोज चार किलोमीटरच चालवली तर तो काजळीने तुंबतो.

रोज गावातच फिरणं असेल आणि बॅटरीचा अहवाल चांगला आला, तर हायब्रिड घे. दर आठवड्याला पुणे-हैदराबाद असेल तर डिझेल. महिन्याला पाचशे किलोमीटरही होत नसतील, तर दोन्ही सोड, कमी चाललेली साधी पेट्रोल गाडी शोध.