समोर बसलेल्या माणसाला टीव्ही किती ओळखतो : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत आम्ही ५५ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. चित्र आणि आवाज उत्तम आहेत, त्याविषयी अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते वरच्या कडेला बसवलेल्या लहानशा कॅमेऱ्याविषयी आणि पडद्यावर काय चालू आहे याची गुपचूप नोंद ठेवणाऱ्या सोयीविषयी.

कॅमेऱ्याकडे दोन कामे आहेत. मूल पडद्याच्या फार जवळ गेले की तो सूचना देतो. हे काम तो चोख करतो आणि माझी सात वर्षांची मुलगी आता आपणहून मागे सरकून बसते. समोर कोणी नसेल तर वीज वाचवण्यासाठी पडदा मंद करणे हे दुसरे काम, आणि तिथे मात्र तो आमच्या घरात सपशेल फसला. माझी आई संध्याकाळच्या मालिका पाहते म्हणण्यापेक्षा ऐकते; मांडीवर परात, परातीत मेथीची जुडी आणि नजर पानांवर. ऐन वादाच्या प्रसंगी पडदा काळवंडायचा आणि ती मान वर करून विचारायची, "लाइट गेली का रे?" कथेत सर्वांत जास्त गुंतलेली व्यक्ती या यंत्राच्या हिशेबी गैरहजर होती, तर आरामखुर्चीत टीव्हीकडे तोंड करून झोपी गेलेले बाबा हजर.

आमचा टीव्ही भावना ओळखण्याचा दावा करत नाही. पण तसे तंत्र जाहिरातींच्या चाचण्यांसाठी वापरात आहे. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००९ मध्ये निघालेली अफेक्टिव्हा ही कंपनी प्रेक्षकांच्या भुवया आणि ओठांच्या हालचालींवरून त्यांना काय वाटले याचा अंदाज बांधत असे. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवून दिले की केवळ चेहऱ्यावरून भावना खात्रीने सांगता येत नाही. आईकडे पाहून मला ते पूर्ण पटते. खलनायिकेचा राग आला की तिचा चेहरा शांतच असतो, मेथी मात्र भराभर खुडली जाते.

आपल्याकडे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने मोजणीसाठी निवडलेल्या नमुना घरांमध्ये वाहिनी ओळखण्यासाठी तिच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, आणि कोण पाहत आहे हे घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबून सांगायचे असते. ही पद्धत जुनी वाटेल, पण तीत माणूस स्वतः सांगतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्मार्ट टीव्हीतील ओळख यंत्रणा मात्र पडद्यावरील चित्राचे वा आवाजाचे नमुने घेऊन दूरच्या संगणकांवरील नमुन्यांच्या साठ्याशी ताडून पाहते, त्यामुळे कार्यक्रम सेट टॉप बॉक्समधून आला तरी तो ओळखता येतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर प्रेक्षकांच्या संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले.

आमच्या घरी संमती कोणी दिली? मी दिली, टीव्ही जोडायला आलेला मुलगा घाईत होता, म्हणून लांबलचक मजकूर न वाचता 'मान्य' दाबत गेलो. आईला, बाबांना, सामना पाहायला येणाऱ्या शेजाऱ्यांना कोणी विचारले नाही. घरात पाचजण पाहतात आणि होकार एकाचा, याचे मला खरोखर वाईट वाटते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे, पण दिवाणखान्यातील सामाईक पडद्यापुढे ती कोणाची मानायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला दिसत नाही.

चौथ्या महिन्यात मी आईला सगळे समजावून सांगितले आणि तिच्या इच्छेनुसार कॅमेरा काढून ठेवला. सेटिंगच्या गोपनीयता विभागातील पाहण्याच्या नोंदीची परवानगीही बंद केली. चित्र, अ‍ॅप, आवाज यांत काहीही फरक पडला नाही. पुढे एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती परवानगी पुन्हा चालू झालेली आढळली, म्हणून आता दर अपडेटनंतर मी तो विभाग उघडून पाहतो.