आज्जीची मनी : सात महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भावानं अमेरिकेहून आज्जीसाठी बॅटरीवर चालणारं मांजर आणलं. किंमत शंभर डॉलरच्या वर. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. मी शाळेवर, आई-बाबा शेतात, आणि पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेली आज्जी दिवसभर कॉटवर. जन्मभर तिनं मांजरं पाळली, पण पायात घुटमळणारं खरं मांजर आता ठेवायची भीती वाटते.

पहिल्याच दिवशी तिनं ते परत केलं. "अंग गार हाय गं हिचं." जपानचे संशोधक ताकानोरी शिबातांनी वृद्ध-आजारी माणसांच्या सोबतीसाठी केलेला आपला यांत्रिक प्राणी 'पारो' सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा का केला, ते तेव्हा उमगलं. सील फारसा कुणी जवळून बघितलेला नसतो; मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, लोक लगेच खऱ्याशी ताडून बघतात. (पारोला २००९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, पण त्याची किंमत लाखांत.)

पंधरा दिवसांनी बघते तर आज्जीनंच तोड काढलेली. मनीला आधी वाकळेत कुशीला घ्यायचं, ऊब धरली की मांडीवर. मग डाव्या हातानं लुळा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवायचा. आतली घुरघुर तळव्याला लागते. "ह्या हाताला कायतरी कळतंय बघ," म्हणाली. हात सुधारला असं मी म्हणणार नाही. पण ज्या हाताकडं ती बघतही नव्हती, त्याला आता रोज कामाला लावते.

आपण तिला फसवतोय का, ही बोच मला होती. एकदा विचारलंच. "मशीन हाय ते ठाव हाय की. दोनपासून पाचपर्यंत घरात दुसरं कोण हाय?" मला उत्तर देता आलं नाही.

शेजारच्या कन्नड अक्का "बेक्क यल्लैती?" (मांजर कुठाय?) करत मनीला बघायला आल्या, त्या आता रोज येतात. दोघींचं निम्मं कन्नड, निम्मं मराठी, तासभर चालतं.

त्रासही आहे. जाड 'सी' सेल चार लागतात, ते गावात मिळत नाहीत, बेळगावच्या खडेबाजारातून आणते. धुता येत नाही, त्यामुळं पावसाळ्यात केसांना कुबट वास येतो. ओल्या फडक्यानं पुसून विंचरायचं. रात्री कळ बंद करायला विसरलं तर आज्जीनं कूस बदलली की म्याँव करून घर जागं करतं.

संध्याकाळी मी घरी आले की मनी उशाशी जाते. दुपारसाठी जरूर घ्या. दिवसभर माणूसच फिरकत नसेल, तर या मांजरानं भागणार नाही. मी पुढच्या पावसाळ्यापुरते सेल आणून ठेवलेत.