आंब्याचं ‘पोषण किट’ आणि बुडालेले ₹23,400

₹23,400 गेले. केसरच्या तीन एकरांसाठी, एकरी ₹7,800 चं ‘आंबा पोषण किट’: 10 किलो झिंक सल्फेट, 50 किलो 0:0:50 (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) आणि एक लिटर ‘मोहोर टॉनिक’. ₹10,000 फोनवरून, ₹13,400 रोख. गाडी घेऊन थेट वावरात येणारे हे लोक कसे बोलतात ते काटोल-कळमेश्वरकडच्या कास्तकारांना सांगायला नको.

किट विकायला आलेल्याने निदान मात्र बरोबर केलं होतं. पानं लहान अन् अरुंद, पेरं आखूड, शेंड्याला पानांचा गुच्छ. ही झिंकचीच कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत झिंक असलं तरी मुळांना मिळत नाही, हेही खरं. एवढं नेमकं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? भावही बाजाराच्या आसपासच होता. फुकटात मिळतंय म्हणून कोणी धावलं नव्हतं.

संताप होतो तो चुंगडीचं, म्हणजे खताच्या पोत्याचं, तोंड आठवून. शिवण सुतळीची, हाताने घातलेली, टाके वाकडेतिकडे, शिशाचं सील नाही. खताचं पोतं मशीनने शिवलेलं असतं; हाताने शिवलं तर सील लागतंच. बॅच नंबरवरून ओला अंगठा फिरला तर शाई पसरली. सगळं डोळ्यांसमोर होतं! पण पाऊस डोक्यावर, मजूर आळी करून उभे, आणि हा म्हणतोय, “भाऊ, आधी टाकून घ्या, बिलाचं नंतर पाहू.” बिल म्हणून शेवटी कोटेशनचा कागद. पैसे गेले तेही दुकानाच्या नाही, कोणाच्या तरी खाजगी खात्यात. फॉर्म एमचं, म्हणजे खतविक्रीच्या ठरलेल्या सरकारी नमुन्यातलं, पक्कं बिल नसेल तर खत घेऊ नका, विकणारा नात्यातला असला तरी.

नवी पालवी पुन्हा तशीच बारीक आली, तेव्हा खाजगी तपासणी करून घेतली. झिंक 21 टक्के हवं, निघालं 1.9. बाकी मॅग्नेशियम सल्फेट. दोन्हीचे पांढरे खडे सारखेच दिसतात, त्यावरच हा धंदा चालतो. घरी ओळखायचं तर काचेच्या ग्लासात चमचाभर माल विरघळवा आणि त्यात पातळ कॉस्टिक सोडा थोडाथोडा टाका. खळीसारखा पांढरा साका येईल. मग दाट कॉस्टिक टाका. झिंक असेल तर साका विरघळतो, मॅग्नेशियम असेल तर तसाच राहतो. हातमोजे घालाच, कॉस्टिकने कातडी जळते. 0:0:50 पाण्यात पूर्ण विरघळायला हवं. यांचं पीठ तळाशी बसलं.

टॉनिकच्या बाटलीवर तर घटकच नाहीत. 2021 पासून अशी टॉनिकं, म्हणजे जैवउत्तेजकंही, खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. न सांगता पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) मिसळलेलं असलं तर लहान झाडांची वाढ खुंटते, आणि ते जमिनीत लवकर संपत नाही.

आता तक्रारीचं ऐका. कृषी कार्यालय म्हणतं, चुंगडी फोडली, नमुना घेता येत नाही. न फोडलेली दाखवली तर म्हणे, नमुना विक्रेत्याकडून घ्यायचा असतो. विक्रेत्याला परवानाच नाही, म्हणून तो यांच्या यादीत नाही, म्हणून पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात, खताचा विषय आहे, कृषी खात्याचं पत्र आणा. पत्र कोण देणार? विनापरवाना खत विकणं हा 1985 च्या याच खत नियंत्रण आदेशाचा भंग, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा. आणि परवाना नाही हेच यांचं हात झटकायचं कारण! एका साहेबांनी तर विचारलं, “एवढं शिकलेले असून घेतलंच कसं?” गुन्हेगार कोण, तेच कळेना.

ग्राहक आयोगात ₹5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तिथे अर्ज केला आहे.

बागेला आता 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम खरं झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना, कोवळ्या पालवीवर. जून पानांवर मारून उपयोग कमी. झिंक स्फुरदाच्या खतात मिसळू नका, साका होतो.

ज्यांनी हे किट घेतलंय त्यांनी एक चुंगडी न फोडता ठेवा, शिवण आणि बॅच नंबर दिसेल असे फोटो काढा, आणि उरलेली रक्कम रोख देऊ नका.