कोरियात इंग्रजी शिकवायचं: सरकारी शाळा की हागवॉन?

टोरांटोत वाढलेली माझी भाची दोन पर्यायांत अडकली आहे: कोरियातल्या सरकारी शाळांसाठीची 'एपिक' योजना, की हागवॉन, म्हणजे खासगी क्लास. तिथून परतलेल्यांपैकी कुणी भरभरून बोलतं, कुणी विषयही काढू देत नाही. बऱ्याचदा हा फरक या निवडीमुळेच पडतो.

वेळ: 'एपिक'मध्ये आठवड्याला 22 तास शिकवणं, दिवस साधारण साडेआठ ते साडेचार. हागवॉन बहुतेक शाळा सुटल्यावर भरतात. घरी परतायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात.

सोबत: सरकारी वर्गात कोरियन शिक्षक बरोबर असतो. त्याच्याशी जुळलं तर वर्ष सुखाचं, नाही तर प्रत्येक तास अवघड. शिवाय सुट्टीत मुलं नसतानाही रिकाम्या स्टाफरूममध्ये हजेरी लावावी लागते. हागवॉनमध्ये वर्ग लहान, शिक्षक बहुधा एकटा. मुलांची प्रगती मात्र डोळ्यांसमोर दिसते.

पैसा: राहायला घर आणि वर्षअखेरचा एक जादा पगार दोन्हीकडे असतो.

मालक: मला खरी काळजी याची. हागवॉन हा धंदा आहे आणि परदेशी शिक्षकांना मिळणारा ई-2 व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. मधेच दुसरीकडे जायचं तर सहसा मालकाचं संमतीपत्र लागतं. म्हणून तिथल्या आधीच्या शिक्षकाशी फोनवर बोलल्याशिवाय सही करू नये.

पहिल्यांदाच परदेशी, एकटीने जाणाऱ्या भाचीला मी 'एपिक'च सुचवेन. ठरावीक शहरातच राहायचं असेल, शिकवण्याचा अनुभव असेल, तर पारखून घेतलेला हागवॉन बरा.