चाकावर सहा रविवार

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कुंभारकाम शिकण्याचा बेत घरी सांगितला, तेव्हा पत्नीने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चौकशी रास्त होती, पण छत्रपती संभाजीनगरमधील ज्या वर्गाविषयी मी लिहीत आहे तेथील चाके विजेवर चालतात, शिकणारा स्टुलावर बसतो आणि दुखते ती कंबर. मार्चअखेरीपासून सहा रविवार, दर वेळी अडीच तास, शुल्क ४,८०० रुपये. त्यात माती, झिलई आणि तीन वस्तूंची भाजणी धरलेली होती. सात जणांना चाके तीनच असल्यामुळे बराच वेळ दुसऱ्याचे काम पाहण्यात जातो, पण तो वाया जातो असे मी म्हणणार नाही.

पहिले तीन रविवार या वर्गात एकही वस्तू ठेवून घेत नाहीत. वाटी उभी राहिली की मॅडम ती तारेने मधोमध उभी चिरतात आणि दोन्ही फाका आपल्यासमोर मांडतात. माझ्या पहिल्या वाटीचे बूड अंगठ्याएवढे जाड निघाले आणि काठ पापडासारखा. बाहेरून मात्र ती चांगली देखणी होती. पहिल्याच दिवशी काहीतरी घरी न्यायची हौस असलेल्यांना हे खटकेल, आणि आमच्यातील एक जण दुसऱ्या रविवारनंतर आलेच नाहीत. भिंतीची जाडी बोटांना कशी कळते हे मला या चिरलेल्या वाट्यांनी जेवढे शिकवले, तेवढे तोंडी सांगून कोणाला शिकवता आले नसते.

खरी कसोटी मात्र त्याही आधीची, गोळा चाकाच्या मध्यावर आणण्याची. सुमारे सातशे ग्रॅमचा गोळा कितीही नेमका आपटून बसवला तरी तो किंचित सरकलेला असतोच, आणि चाक फिरू लागले की तेवढा फरक दर फेऱ्याला तळहाताला एक धक्का देतो. नवशिक्याचा हात त्या धक्क्यासरशी मागे सरतो, त्यामुळे गोळा आपला वाकडेपणा सोडत नाही. मग घाबरून आणखी पाणी ओतले जाते, माती बुळबुळीत होते आणि तिचा जोर संपतो. मी याच फेऱ्यात दीड रविवार अडकलो होतो. मॅडमच्या मदतीला पिढीजात हेच काम करणारे एक गृहस्थ असतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘साहेब, कोपर मांडीला टेकवा. माती नाही, तुमचा हात हलायलाय.’ कोपर टेकवले, आणि पाचेक मिनिटांत गोळा तळहाताखाली असा शांत झाला की चाक थांबले की काय म्हणून मी खाली वाकून पाहिले.

चौथ्या रविवारी मामांनी माठ घडवून दाखवला. चाकावर त्यांनी केवळ तोंड आणि जाडजूड अंग उठवले. पोट फुगवले ते नंतर, आतून गोल दगड धरून आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के पारखल्याची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते आणि त्यांचे तेर गाव आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले, पण थापटण्याचे मूळ काम त्या दिवसापर्यंत मी पाहिलेले नव्हते.

एका सहाध्यायाने शेतातली काळी माती आणू का, असे विचारले होते. ती ओली असताना फुगते आणि वाळताना फार आकसून तडकते, हे उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या रानाकडे पाहूनही कळते. म्हणून वर्गात तयार स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी टणक होणारी माती, वापरतात. आकसते तीही. वाळून आणि भाजून लांबी-रुंदी-उंची बारा टक्क्यांनी घटली, तर पेल्यात मावणारा चहा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. हे आधी सांगितले असते, तर मी पेले मोठे केले असते.

माझी मुख्य तक्रार वाळवण्याची आहे. घडवलेल्या वस्तूचे बूड तासायचे ते ती ना ओली ना सुकी अशा अवस्थेत असताना, आणि वर्ग आठवड्यातून एकदाच. एप्रिलमधल्या आपल्याकडच्या झळा लक्षात घेता वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून सावलीत ठेवायला हव्या होत्या. त्या पत्र्याच्या खोलीत उघड्या फळीवर, वर पातळ पिशवी टाकून ठेवल्या गेल्या. पाचव्या रविवारी माझ्या तीनपैकी दोन पेल्यांना तासणीचे हत्यार लागेना, इतके ते कडक झाले होते. भाजणीलाही वेळ लागला. आधी हजार अंशांच्या आतली कच्ची भाजणी आणि मग झिलईसह बाराशेच्या वरची, हे मान्य; पण भट्टी भरेपर्यंत थांबावे लागेल ही कल्पना शुल्क घेतानाच द्यायला हवी होती. पेले हाती आले तेव्हा जून उजाडला होता.

मॅडमनी बोटाने ठोकून बघायला सांगितले. दोन खणखणले, तिसरा बद्द वाजला. उलटा करून पाहिला तर बुडाला नागमोडी चीर होती. आतल्या बाजूने बूड दाबून घ्या आणि साचलेले पाणी स्पंजने टिपा असे त्या दर रविवारी बजावत होत्या, तेव्हा या पेल्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. मी पुढच्या तुकडीत नाव घातले आहे, मात्र जुलैच्या, आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरून नेणार आहे.