थांबायचं की आत्ताच घ्यायचा? आजचा फोन आणि अफवांमधला फोन

एकीकडे आज हातात घेऊन बघता येईल असा फोन, दुसरीकडे काही महिन्यांनी येणारा, लीक झालेल्या चित्रांतला फोन. ही लढत सुरुवातीपासूनच एकतर्फी होते. आजच्या फोनच्या सगळ्या तक्रारी जगजाहीर असतात. येणाऱ्याच्या तेवढ्या कौतुकाच्याच बातम्या फिरतात.

म्हणून आधी बघा, आपण नेमक्या कुठल्या अफवेसाठी थांबतोय.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींच्या बातम्या बहुधा खऱ्या निघतात. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधीच लागतात, त्यामुळे आकार, जाडी, कॅमेऱ्याची जागा फुटतेच. पिक्सेल ४ चं डिझाइन इतकं फुटलं, की २०१९ च्या जूनमध्ये गूगलनेच त्याचा पाठीमागून फोटो टाकून दिला. फोन आला ऑक्टोबरात! आयफोन १५ ला चार्जिंगसाठी यूएसबी-सी पोर्ट येणार हेही खरं ठरलं. युरोपीय संघाने २०२२ मध्येच तसा कायदा केला होता, तेव्हा ती अफवा कमी आणि अंदाज जास्त होता.

आतल्या करामतींचं मात्र काही खरं नसतं. आयफोन १५ प्रोची बटणं दाबली न जाता नुसती कंप पावतील, असं महिनोन् महिने छापून येत होतं. फोन आला तो साध्या दाबायच्या बटणांचा. उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय आयफोन १३ ला येणार म्हणत होते, ती मिळाली १४ ला. म्हणजे बातमी खरी, पण वर्ष चुकलं. आणि १३ साठी थांबलेल्याला ते वर्षच महत्त्वाचं होतं.

एआयच्या बाबतीत तर कंपनीच्या तोंडची घोषणाही उधारीवरच धरावी. ॲपलने जून २०२४ मध्ये दाखवलेली नवी, वैयक्तिक माहिती समजून घेणारी सिरी (आयफोनमधली बोलून वापरायची मदतनीस) मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली. तिच्या भरवशावर आयफोन १६ घेणारे बघतच राहिले.

बॅटरीचा आकडा आधी कळतो, पण ती दिवसभर पुरेल का ते कळत नाही. स्क्रीन आणि प्रोसेसर किती खातात, हे फोन वापरात आल्यावरच दिसतं.

तेव्हा माझं मत असं: फोनचा आकार, पोर्ट किंवा झूमची लेन्स यांसाठी थांबत असाल आणि फोन दोन-तीन महिन्यांवर असेल, तर जरूर थांबा. एआयसाठी किंवा ‘दोन दिवस चालणाऱ्या’ बॅटरीसाठी थांबणं म्हणजे बाजारात तुरी. सध्याचा फोन मध्येच बंद पडत असेल, तर हा विचारच सोडा.

थांबण्याच्या बाजूने एक मुद्दा सहसा कोणी मोजत नाही. पिक्सेल ८ पासून गूगल सात वर्षांचे अपडेट देते, पण ती वर्षं मोजली जातात मॉडेल विक्रीला आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. अकरा महिने जुनं मॉडेल आज पूर्ण किमतीला घेतलं, तर त्यातलं जवळजवळ एक वर्ष आधीच गेलेलं असतं.

नवा आला की जुना स्वस्तात घेऊ, हा तिसरा रस्ता चांगला आहे. फक्त प्रो आयफोन हवा असेल तर जपून: नवा प्रो आला की ॲपल आधीचा स्वस्त करत नाही, विकणंच बंद करते. मग इतर दुकानदारांकडे उरलेल्या मालात हवा तो रंग आणि हवं तेवढं स्टोरेज शोधत बसावं लागतं.