एका विणीत दोन बाप: कारवानच्या नावाखाली २२,००० चा गंडा

कारवान जातीचं कुत्रं घेणाऱ्यांना या धंद्यातल्या लबाड्या माहीत आहेत: दुसऱ्याच्या नराचा फोटो, उसने कागद, "शेवटचंच पिल्लू राहिलंय". चाकूरच्या बाजूला झालेला डाव मात्र वेगळा. नर खरा, व्हिडिओ खरा, जोड लागताना कुत्रीशी गाठ पडली तीही खरी. पिल्लू तेवढं त्या नराचं नाही.

आम्ही मोजले ते असे: विसार ५,००० फोनवरून, १५,००० रोख, आणि वर २,००० वीस नखांचे. हे २,००० सगळ्यात जास्त झोंबतात, कारण चोरी तिथंच उघडी पडली होती. पिल्लाच्या दोन्ही मागच्या पायांना आतल्या अंगाला लोंबतं जादा नख. दाखवलेल्या नराला ते नाही, आईलाही नाही. असं नख बहुतेक वेळा आईबापापैकी एकाकडून येतं. "याचा बाप कुठंय?" हे तिथंच विचारायला हवं होतं. पण आपल्याकडे वीसनखी शुभ, त्याचे लोक उलट जादा मोजतात. त्यात समोर पंधरा मिनिटांच्या गाठीचा व्हिडिओ. शंका कुणाला येणार?

कुत्रीचा माज साधारण तीन आठवड्यांचा, त्यात मधले आठ-दहा दिवस ती नर घेते. वीर्य आत पाच-सात दिवस टिकतं. म्हणजे सोमवारी नामी नर लागला आणि गुरुवारी शेतातल्या आखाड्यावरचा कुणी, तर दोघांचीही पिल्लं एकाच विणीत येतात. पिल्लू विकणाऱ्यानं तेच केलं. नामी नराचे पैसे एकदाच भरले, कुत्री घरी आणून त्याच माजात मोकळी सोडली, आणि सगळी पिल्लं एकाच भावानं विकली. दोन नर लावले, तसं सांगितलं आणि प्रत्येक पिल्लाची डीएनए तपासणी करून दिली, तर कुणाची तक्रार नाही. लपवलं, ही चोरी.

व्हिडिओ मागू नका, माज संपेपर्यंत कुत्री कुठं बांधली होती ते विचारा.

नामी नराच्या मालकानं डीएनए तपासणीला नमुना दिला म्हणून कळलं. तीन नमुने, ४,५०० रुपये: आमचं पिल्लू जुळलं नाही, त्याच विणीतलं अहमदपूरचं जुळलं. गालाच्या आतून बोळा फिरवायचा. पिल्लू आईला पीत असेल तर आधी तासभर वेगळं ठेवा, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात.

अहवाल घेऊन ठाण्यात गेलो तर "पिल्लू मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी आहे हे." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, कागद उलटा करून ठेवला. पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हणे आमचं काम लस टोचायचं. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, याच्याकडे ती नाही. नोंदणी नाही हे बघायचं कुणी? अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. नियम छापले आणि हात झटकले! कुत्र्याचं प्रकरण म्हटलं की साहेबांना हसू येतं, २२,००० कुणाच्या घामाचे आहेत ते कुणी विचारत नाही.

रोख देऊ नका. बापाचं नाव पावतीवर लिहून घ्या, "तपासणीत जुळलं नाही तर पैसे परत" हेही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. आमची तक्रार तिथं दाखल आहे. त्या विणीतली बाकी पिल्लं उदगीर, नांदेडकडे गेलीत. ज्यांनी घेतली त्यांनी आताच नमुना द्यावा, नराचा नमुना प्रयोगशाळेत आहेच.